‘तिला सांगू नका हं सिस्टर’

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:५०

या फोरमवर धागा काढायची ही पहिलीच वेळ. एरवी मी नुसती वाचत असते, तेही दोन राउंडच्या मध्ये, तुकड्यातुकड्यांनी. आज ड्यूटी संपवून घरी आले, आंघोळ झाली, पडदे ओढले, तरी झोप नाही. म्हणून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

चौदा वर्षं नर्स आहे, त्यातली नऊ कॅन्सर वॉर्डात. सध्या आमच्याकडे साठीच्या एक काकू येतात. लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. मुलाने पहिल्याच दिवशी मला जिन्यात गाठलं. ‘तिला सांगू नका हं सिस्टर. कॅन्सर म्हटलं की ती हातपाय गाळेल. गाठींमध्ये इन्फेक्शन झालंय असं सांगितलंय आम्ही.’ केसपेपरवर कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘रुग्णास निदान सांगू नये’. खाली सही नाही, तारीख नाही.

त्यांच्या केमोत एक लाल औषध असतं, डॉक्सोरुबिसिन. ते जोडून दुसऱ्या पेशंटकडे निघून जाता येत नाही. चालू सलाईनच्या वाटेने सिरिंजने हळूहळू ढकलायचं, मधे मधे थांबून शीर नीट आहे ना बघायचं. शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि खालचं मांस सडतं. म्हणजे दहाएक मिनिटं मी आणि काकू, अगदी समोरासमोर. सिरिंजवर औषधाच्या नावाचं लेबल असतं. मी ते तळहाताखाली झाकून धरते.

काल केमोची दुसरी सायकल, म्हणजे दुसरी फेरी होती. निम्मं औषध गेलं असेल, काकू म्हणाल्या, ‘सिस्टर, तुम्ही सिरिंज अशी का धरता? सलाईन लावायला येतात त्या मुली नाही अशी धरत.’ मी म्हटलं, सवय. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘जंतूंचं औषध लाल असतं होय?’

मी हसून वेळ मारून नेली. खोटं बोलले असं नाही, पण खरंही बोलले नाही. तेव्हापासून तो तळहात माझा मलाच नकोसा झालाय.

सांगायचा अधिकार माझा नाही, तो डॉक्टरांचा. गप्प बसायचा अधिकार तरी माझा आहे का? जाणकारांनी बोलावं. न जाणकारांनीही बोलावं.

---

निमूट | मंगळवार, सकाळी ९:१५

वाचतोय. पेन्सिलीने लिहिलंय हे विशेष वाटलं. पेनाने लिहायची हिंमत झाली नाही त्यांची.

---

डॉ_अर्धवट | मंगळवार, दुपारी २:०५

ताई, दुसरी बाजू मांडतो. शिव्या खायची तयारी ठेवूनच मांडतोय.

हे ‘सांगू नका’ माझ्याही केबिनमध्ये रोज येतं. नातेवाईक वाईट नसतात, घाबरलेले असतात. उद्या पेशंट खचला तर ‘तुम्ही सांगितलंत म्हणून’ हे मला ऐकावं लागतं. आणि ही काही आपल्याच समाजाची रीत नाही. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांना विचारलं होतं, कॅन्सरच्या पेशंटला निदान सांगता का? सुमारे ९० टक्के म्हणाले, शक्यतो नाही. तेच प्रश्न १९७९ मध्ये पुन्हा विचारले तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत अख्खा व्यवसाय उलटा फिरला. त्यामुळे १९६१चे डॉक्टर निर्दयी होते असं मी म्हणणार नाही. तेव्हा सांगून करायचं काय, हाही प्रश्न होता. उपचारच तुटपुंजे होते.

माझा अनुभव असा, की घाईने सांगून टाकलेलं सत्य कधीकधी खोट्यापेक्षा जास्त मोडतोड करतं.

---

कोरडा_पाषाण | मंगळवार, दुपारी ३:३०

डॉक्टर, आकडे छान आहेत. पण ते ‘सांगावं का’ या प्रश्नाचे आहेत. इथला प्रश्न वेगळा आहे. केमोच्या संमतीपत्रावर सही कोणाची?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ७:४०

मुलाची.

---

कोरडा_पाषाण | मंगळवार, रात्री ७:५२

मग संपलंच. बाई शुद्धीवर आहेत, हिंडताफिरताहेत, विचार करताहेत (आपल्यापेक्षा बऱ्या, सिरिंज कशी धरली तेही बघतात). त्यांच्या अंगात कोणतं औषध जातंय हे त्यांना न विचारता ठरलं. याला भावना जपणं म्हणत नाहीत. हे विनासंमती उपचार झाले. तुमचा तळहात हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग आहे. उगाच स्वतःला कोसू नका. पण त्या कागदाकडे बघा.

---

मुक्ता_ल | मंगळवार, रात्री ९:१०

मी त्या मुलाच्या जागी होते, म्हणून लिहिते.

बाबांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. सात महिने. कोरडा पाषाण म्हणतात तसं ते चूक असेलही. पण बाबांनी एकदाही विचारलं नाही. एकदाही. रिपोर्टचं पाकीट टेबलावर असायचं, ते त्यावर चष्मा ठेवायचे आणि पाकीट उघडायचे नाहीत. हे न विचारणं म्हणजेच त्यांचं उत्तर होतं असं आम्ही समजलो. आजही मला पश्चात्ताप होत नाही. कधीकधी रात्री होतो, सकाळी होत नाही.

धाग्यातल्या काकूंनी मात्र विचारलंय. फरक तिथे आहे असं मला वाटतं.

---

ट्यूटरबाई | मंगळवार, रात्री १०:२५

नर्सिंगच्या मुलींना शिकवते, त्यामुळे थोडी लांबण लागेल. वाचा किंवा सोडून द्या.

आधी एक गाठ सोडवू. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये नर्सिंगबद्दल लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, जिथे दोन्ही वाटांना वजन आहे आणि बरोबर काय ते खरंच कळत नाही, ती कोंडी. दुसरी, जिथे बरोबर काय ते पक्कं माहीत आहे, पण संस्थेची उतरंड, वरिष्ठ, नियम, भीती यांच्यामुळे ते करता येत नाही. या दुसरीला मी वर्गात घुसमट म्हणते. रात्रपाळी, तुमचं लिखाण मी दोनदा वाचलं. तुम्ही कोंडीत नाही आहात. तुम्हाला उत्तर माहीत आहे. तुमची घुसमट होतेय. कोंडीवर चर्चा हा उपाय असतो. घुसमटीत चर्चेने पुरत नाही, कोणीतरी काहीतरी हलवावं लागतं.

आता सांगण्याबद्दल. सगळेजण ‘सांगायचं की नाही’ यावर भांडताहेत. पण वाईट बातमी देण्याच्या ज्या पद्धती शिकवल्या जातात, त्यांत ‘सांगा’ हे सुरुवातीला येतच नाही. २०००च्या सुमारास आलेली स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत घ्या. पहिली पायरी, शांत जागा आणि बसायला खुर्ची. दुसरी, पेशंटला आजाराबद्दल काय वाटतंय ते त्याच्याच तोंडून ऐकणं. तिसरी, किती जाणून घ्यायचंय हे त्यालाच विचारणं. माहिती चौथ्या पायरीवर येते. मुक्ताताईंचे बाबा तिसऱ्या पायरीवर ‘नको’ म्हणाले असते आणि ते ‘नको’ पाळणं हाही त्यांचा हक्कच जपणं झालं असतं. न जाणण्याचा हक्क पेशंटचा असतो. तो नातेवाइकांनी परस्पर वापरायचा नसतो, एवढंच.

आणि ‘तुम्हाला काय वाटतं, हे औषध कशासाठी असेल?’ एवढं विचारायला नर्सला कोणाची परवानगी लागत नाही.

---

ब्रदर_आयसीयू | बुधवार, पहाटे ३:२०

मी आयसीयूत ब्रदर आहे. सगळी चर्चा भावनेवर चाललीय, मला पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने.

रात्रपाळी, एक विचारतो, रागावू नका. केमो देण्याआधी दोन नर्सनी पेशंटच्या शेजारी उभं राहून नाव, औषध, डोस मोठ्याने वाचून ताडून बघायचं असतं. पेशंटने स्वतःचं नाव सांगायचं असतं. तुम्ही काकूंच्या बाबतीत हे कुठे करता?

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:३०

काउंटरवर. खोलीबाहेर.

तुम्ही विचारेपर्यंत माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. पहिल्या दिवशी ‘त्यांच्यासमोर औषधाचं नाव नको’ म्हणून बाहेर केलं आणि तीच पद्धत पडली.

आता लिहितेच आहे तर तेही लिहिते. पहिल्या सायकलनंतर साधारण दहाव्या दिवशी काकूंना ताप आला. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला जातात ते हेच दिवस. पेशंटला आम्ही घोकून घोकून सांगतो, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर गेला की रात्री दोन वाजले असले तरी या. काकूंना कोण सांगणार? त्यांच्या लेखी ते जंतूंचं औषध होतं. त्यांनी घरातली तापाची गोळी घेतली आणि मुलाला त्रास नको म्हणून बोलल्या नाहीत. दीड दिवसाने आल्या तेव्हा बीपी खाली होतं. वाचल्या. पण तो दीड दिवस कोणाच्या नावावर लिहायचा?

---

ब्रदर_आयसीयू | बुधवार, सकाळी ९:४८

तेच म्हणतोय. नीतिमत्ता बाजूला ठेवा हवी तर, हा सरळ सुरक्षेचा प्रश्न आहे. शीर जळायला लागली तर ‘सिस्टर, आग होतेय’ हे सगळ्यात आधी पेशंटच सांगणार ना? त्याला माहीत हवं की हे औषध तसं आहे. लघवी लाल झाली तर ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे, हेही माहीत हवं. ज्याला काहीच सांगितलेलं नाही तो पेशंट म्हणजे बॅटरी काढलेला अलार्म.

आमच्याकडे शेवटच्या तपासण्या तुटल्या की काय होतं त्याचं उदाहरण सगळ्या जगाने पाहिलंय. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत रेडोंडा वॉट या नर्सने शांत करायच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम दिलं. पेशंट बाई गेल्या. नर्सने चूक स्वतः कबूल केली होती. तिच्यावर फौजदारी खटला चालला, २०२२ मध्ये ती दोषी ठरली आणि तीन वर्षं प्रोबेशन मिळालं. तेव्हा जगभरच्या नर्सेसमध्ये एकच वाद होता, कबूल केल्यावर गुन्हा होत असेल तर पुढची नर्स कबूल करेल का? मला दोन्ही बाजू पटतात. औषधाच्या बाटलीवर इशारा छापलेला होता, तो तिने वाचला नाही. आणि औषधांच्या संगणकी कपाटाची तपासणी डावलून (ओव्हरराइड करून) औषध काढायची सवय त्या व्यवस्थेनेही मोडली नव्हती.

---

डॉ_अर्धवट | बुधवार, दुपारी १:१५

तापाचा मुद्दा मान्य. बिनशर्त. यावर मला बचाव नाही.

फक्त एक कुतूहल, ट्यूटरबाईंना. नर्सने डॉक्टरला ‘हे चूक आहे’ म्हणणं पुस्तकात सोपं आहे. वॉर्डात कोण म्हणतं? मला गेल्या वर्षभरात दोनदा म्हटलं गेलंय. दोन्ही वेळा ती बरोबर होती आणि दोन्ही वेळा मी आधी चिडलो.

---

ट्यूटरबाई | बुधवार, रात्री ८:५०

चिडलो हे लिहिलंत, म्हणून सांगते.

१९६६ मध्ये हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाने एक प्रयोग छापला. वॉर्डात रात्री फोन येतो, अनोळखी डॉक्टर सांगतो, अमुक पेशंटला ॲस्ट्रोटेन २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं, दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. (औषध बनावट होतं, आत नुसती साखर.) २२ नर्सपैकी २१ जणी ते द्यायला निघाल्या. दारात त्यांना थांबवलं गेलं.

हा प्रयोग सगळे सांगतात आणि नर्सेस किती लाचार म्हणून हळहळतात. त्याचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९७७ मध्ये पुन्हा असाच प्रयोग झाला, पण औषध ओळखीचं होतं आणि नर्सला शेजारणीला विचारायची मुभा होती. या वेळी १८ पैकी १६ जणींनी डोस दिला नाही. म्हणजे धैर्य कुठून आकाशातून पडत नाही. ‘अगं, हे बघ जरा, मला बरोबर वाटत नाहीये’ असं म्हणायला रात्री अडीच वाजता शेजारी कोणीतरी असावं लागतं. जिथे एक नर्स आणि तीस पेशंट असतात तिथे नीतिमत्तेवर भाषण देऊ नये, आधी दुसरी नर्स द्यावी.

---

ओसरी | बुधवार, रात्री ११:३०

अवांतर होईल, माफ करा, पण इथे माहितगार आहेत म्हणून विचारते. दोन वर्षांपासून मनात आहे.

आईच्या शेवटच्या रात्री तिला खूप वेदना होत्या. नर्सने मॉर्फिन दिलं. आई तीन तासांनी गेली. मीच त्या नर्सच्या मागे लागले होते, काहीतरी द्या म्हणून. मॉर्फिनने गेली का?

---

ब्रदर_आयसीयू | गुरुवार, पहाटे २:४०

ओसरी, तुमच्या आईची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल ठाम बोलणं खोटेपणा होईल. सर्वसाधारण सांगतो. वेदनेच्या मापाने, श्वास बघत बघत दिलेलं मॉर्फिन सहसा मरण जवळ आणत नाही. शेवटच्या तासांत जो माणूस जाणारच असतो, त्याला कुठला तरी एक डोस ‘शेवटचा’ ठरतोच. तो डोस ज्याने दिला, ज्याने मागितला, दोघांनाही मग वाटत राहतं.

मी असे डोस दिलेत. देताना मनात एकच तपासतो, हे वेदना थांबायला देतोय की माणूस थांबायला? याला तत्त्वज्ञानात दुहेरी परिणामाचं तत्त्व म्हणतात, मूळ तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत जातं. पण रात्री तीनला अक्वायनस आठवत नाही. पेशंटच्या कपाळावरची आठी गेली का, एवढंच बघतो.

सिसिली सॉंडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं केंद्र. मॉर्फिन वेदना उसळेपर्यंत थांबून देऊ नका, घड्याळ लावून नियमित द्या, हा त्यांचा आग्रह. तुम्ही नर्सच्या मागे लागलात, ते आईला सोबत करणंच होतं.

---

ओसरी | गुरुवार, सकाळी ७:०५

कपाळावरची आठी गेली होती. धन्यवाद.

---

उंबरठा | गुरुवार, दुपारी १२:२०

मी या धाग्यातली पेशंट. म्हणजे त्या काकू नव्हे, पण तशीच.

मला घरच्यांनी सांगितलं नव्हतं. मला कसं कळलं सांगू? कोणी माझ्याशी भांडेना. नवरा भांडेना, मुलगी भांडेना, सासूबाईसुद्धा. घर एकदम गोड झालं. त्यावरून कळलं.

मग मीही नाटकात सामील झाले. चार महिने सगळे एकमेकांसाठी हसत होतो. या चार महिन्यांत मला जे बोलायचं होतं ते मी ज्यांच्याशी बोलले त्या नर्सेस होत्या, आणि त्यांच्याशीही आडून आडून. त्या बिचाऱ्या विषय बदलायच्या. एक नव्हती बदलत. ती नुसती हात धुऊन येऊन बसायची आणि म्हणायची, ‘बोला, माझ्याकडे पाच मिनिटं आहेत.’ पाच म्हणजे पाचच. मग खरंच उठून जायची. मला ते फार आवडायचं.

रात्रपाळी, काकूंना माहीत आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी तुम्हाला औषधाचं नाव विचारलेलं नाही. ‘अशी का धरता’ असं विचारलंय. तुम्ही माझ्या बाजूच्या की त्यांच्या, हे त्या बघताहेत.

---

कोरडा_पाषाण | गुरुवार, दुपारी १२:४१

उंबरठा, यापुढे मी दोन दिवस काही लिहिणार नाही.

---

निमूट | गुरुवार, दुपारी १२:४४

पाषाणाला पाझर. धागा वाचनखूण केला.

---

रात्रपाळी | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:१५

उशीर झाला. सांगण्यासारखं काही घडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुमचे प्रतिसाद वाचल्यावर मी कोणाशी भांडले नाही. मला भांडता येत नाही. मी नर्सिंग नोट्समध्ये त्या दिवसाच्या तारखेला, उशिरा नोंद असं स्पष्ट लिहून, तीन ओळी टाकल्या. पेनाने. ‘रुग्णाने औषधाविषयी व त्याच्या रंगाविषयी विचारणा केली. उत्तर दिले गेले नाही. मागील सायकलनंतर ताप आल्याची माहिती रुग्णाने वेळेत दिली नाही, कारण तापाविषयीच्या सूचना रुग्णास देण्यात आलेल्या नाहीत.’ खाली नाव, सही, वेळ. आणि सकाळच्या हँडओव्हरला ते मोठ्याने वाचलं. बस.

कागदावर आल्यावर त्याला पाय फुटले. सिस्टर इनचार्जनी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर आधी माझ्यावर वैतागले (डॉ_अर्धवट, तुमची आठवण आली). मग मुलाला बोलावून तासभर बसले. निदान सांगू का, असं त्याला विचारलंच नाही. ‘आईंना काय विचारायचंय ते मी आईंना विचारणार आहे, तुम्ही सोबत बसा’ एवढंच सांगितलं. मुलाने इनचार्जकडे माझी लेखी तक्रार केली. तिचं पुढे काय होईल ते बघू. मला सध्या या वॉर्डात ठेवलंय.

डॉक्टरांनी काकूंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? काकू म्हणाल्या, ‘गाठी आहेत. साध्या नाहीत.’ पुढचं ऐकायचंय का, विचारलं. म्हणाल्या, ‘नाव सांगा. किती दिवस राहिलेत ते सांगू नका. औषधं किती राहिलीत ते सांगा.’ एकूण सहा, दोन झाल्या, चार राहिल्या. आणि या आजारात औषधाला बऱ्याचदा चांगली साथ मिळते, हेही डॉक्टरांनी सांगितलं. हे इतके दिवस त्यांना कोणीच सांगू शकत नव्हतं. आजाराचंच नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर तो बरा होतो हे तरी कसं सांगणार?

काकू रडल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. मुलगा म्हणत होता तसंच झालं, हे मी लपवत नाही. त्या दोन दिवसांत मला वाटलं, चुकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवीन संमतीपत्र मागवलं, चष्मा लावून सगळं वाचलं, एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक काढली आणि सही केली.

परवा तिसरी सायकल झाली. आम्ही दोघींनी तपासणी पलंगाशेजारी केली. काकूंनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग सिरिंज माझ्या हातातून घेऊ का म्हणाल्या. घेता येणार नाही, पण बघा, म्हटलं. त्यांनी लेबल वाचलं. ‘डॉक्-सो-रु-बि-सिन.’ दोनदा. ‘केवढं अवघड नाव. लपवायलाच हवं होतं तुम्ही,’ म्हणाल्या.

---

मुक्ता_ल | रविवार, सकाळी १०:५०

मुलगा कसा आहे?

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११:२०

माझ्याशी बोलत नाही. लाल औषध सुरू झालं की खोलीबाहेर जाऊन उभा राहतो. परवा औषध संपल्यावर मी बाहेर आले, तर त्याने खाली बघत विचारलं, ‘ताप किती झाला की आणायचं म्हणालात?’ मी त्याच्या फोनमध्ये आकडा आणि वॉर्डाचा नंबर टाकून दिला.